मॉरिशस बेटाचा आकाशमार्ग

भूगोलाच्या पुस्तकांत बेटाची व्याख्या एका ओळींत संपते : ज्याच्या चोहों बाजूंस पाणी आहे असा जमिनीचा भाग. ही व्याख्या पाठ करणें सोपें आहे. परंतु अशा भूमीवर एक सबंध राष्ट्र कसें नांदतें, त्याचें टपाल, त्याचीं औषधें, त्याचे पाहुणे आणि परदेशीं शिकावयास गेलेलीं त्याचीं मुलें कोणत्या वाटेनें येतात-जातात, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. आपल्याकडे एक रस्ता बंद पडला तर दुसरा असतो. आगगाडी थांबली तर मोटार असते. बेटावर राहणाऱ्यास ही मुभा नाहीं. त्याच्या घरास दोनच दरवाजे : एक बंदर व दुसरा विमानतळ. यांपैकीं दुसऱ्या दरवाजाची हकीकत मॉरिशस या राष्ट्राच्या उदाहरणावरून सांगण्याचें येथें योजिलें आहे.

मॉरिशस हें राष्ट्र हिंदी महासागरांत, मादागास्करच्या पूर्वेस आहे. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर आणि राष्ट्राची लोकसंख्या सुमारें साडेबारा लाख. परंतु हें राष्ट्र एकाच बेटाचें नाहीं, हें लक्षांत ठेवावें. पूर्वेस जवळजवळ सहाशें किलोमीटरांवर रॉड्रिग्ज हें बेट आहे, आणि उत्तरेस सुमारें अकराशें किलोमीटरांवर आगालेगा नांवाचीं दोन चिमुकलीं बेटें आहेत. एका झेंड्याखालीं राहणाऱ्या या माणसांमध्यें केवढा समुद्र पसरला आहे, हें नकाशा पुढें घेऊन पाहिल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

या बेटाशीं आपला संबंध जुना आहे. १८३४ सालापासून उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर तेथें नेण्यांत आले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं मराठी माणसेंही होतीं. शिडाच्या जहाजांतून त्या प्रवासास कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुई येथें ज्या पायऱ्या चढून हे मजूर किनाऱ्यास लागले, तें आप्रवासी घाट नांवाचें स्थळ २००६ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्य झालें. त्या मराठी कुळांच्या वंशजांनीं आपली भाषा टाकली नाहीं. तेथील शाळांतून ती अद्याप शिकविली जाते. पूर्वजांस जें अंतर तोडावयास आठवडे लागले, तें सुमारें ४,७०० किलोमीटरांचें अंतर मुंबईहून निघालेलें विमान आज सुमारें सहा तासांत ओलांडतें.

हा बदल एका दिवसांत घडला नाहीं. १९३३ सालीं बेटाच्या उत्तरेकडील माँ श्वाझी येथील मोकळ्या मैदानावरून एक विमान शेजारच्या रेयुनियाँ बेटाकडे उडालें. तेथील स्मारक त्या उड्डाणाची आठवण देतें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रजांनीं आग्नेय भागांत, माहेबूर गांवाजवळ, प्लेझान्स येथें धांवपट्टी बांधली. युद्धासाठीं केलेलें हें काम शांततेच्या काळीं राष्ट्राच्या उपयोगीं पडलें. १९५२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनें दक्षिण आफ्रिकेस जाणारा मार्ग सुरू केला, तेव्हां त्यावरील विमानें महासागर ओलांडतांना कोकोस बेटांवर व मॉरिशस येथें उतरत. प्लेझान्सचा हाच तळ आज राष्ट्राचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्या नांवानें ओळखला जातो. त्याची सध्यांची प्रवासी-इमारत २०१३ सालीं खुली झाली.

धांवपट्टीच्या रचनेंतही शिकण्याजोगें पुष्कळ आहे. प्लेझान्सच्या पट्टीच्या एका टोंकास १४ व दुसऱ्या टोंकास ३२ असे आंकडे आहेत. होकायंत्रावर उत्तरेपासून अंश मोजावे व शेवटचें शून्य गाळावें, म्हणजे हे आंकडे मिळतात : १४ म्हणजे सुमारें १४० अंश, अर्थात् आग्नेय दिशा, ३२ म्हणजे सुमारें ३२० अंश, अर्थात् वायव्य. हीच दिशा कां निवडली? मॉरिशसवर वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. विमान उडतांना व उतरतांना वाऱ्यास तोंड देऊन असावें, हा नियम आहे. कारण समोरून येणारा वारा पंखांस आधार देतो आणि जमिनीवर कमी धांव पुरते. पतंग उडविणारा मुलगा वाऱ्याच्या विरुद्ध धांवतो, त्यांतील तत्त्व हेंच. भूगोलाच्या तासाला पाठ केलेले व्यापारी वारे अशा रीतीनें सिमेंट व डांबर यांच्या पट्टीवर प्रत्यक्ष लिहिलेले आढळतात.

आतां विमानकंपनीकडे वळूं. एअर मॉरिशस ही कंपनी १४ जून १९६७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीं नऊ महिने, स्थापन झाली. तिच्या उभारणींत सरकारबरोबर एक स्थानिक व्यापारी पेढी व दोन परदेशी विमानकंपन्या यांचा वाटा होता. पहिलीं पांच वर्षें तिच्यापाशीं स्वतःचें उड्डाणच नव्हतें. दुसऱ्यांचीं विमानें आलीं म्हणजे जमिनीवरील व्यवस्था पाहणें एवढेंच तिचें काम. १९७२ सालीं एक लहानसें विमान भाड्यानें घेऊन तिनें रॉड्रिग्जची सेवा सुरू केली. लंडनचा किंवा पॅरिसचा मार्ग प्रथम न घेतां आपल्याच राष्ट्राच्या दूरच्या बेटाकडे ती प्रथम वळली, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पुढें १९७७ सालीं मोठ्या जेट विमानानें तिचीं लांबच्या पल्ल्याचीं उड्डाणें सुरू झालीं. २०१७ सालीं आलेल्या नव्या एअरबस विमानांपैकीं पहिल्यास 'ल मॉर्न ब्राबां' असें नांव दिलें. हें नांव एका डोंगराचें आहे. गुलामगिरीच्या काळीं पळून आलेले गुलाम त्याच्या कड्यांत आश्रय घेत. ज्यांस बेट सोडून जाण्याची मोकळीक नव्हती, त्यांच्या आश्रयाचें नांव घेऊन आज विमान सातासमुद्रांपलीकडे जातें.

बेटाकडे विमान नेणें व मोठ्या देशांतील शहराकडे नेणें यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कोणतेंही विमान निघतांना केवळ मुक्कामापुरतें इंधन घेत नाहीं. मुक्कामाचा तळ धुक्यामुळें अगर अपघातामुळें बंद असला तर दुसऱ्या तळापर्यंत जातां यावें, आणि तेथें पोंचल्यावरही निदान अर्धा तास आकाशांत राहतां यावें, इतकें इंधन जेट विमानास बाळगावें लागतें. पुण्यास उतरतां आलें नाहीं तर मुंबई जवळ आहे. मॉरिशसला जवळचा तळ म्हणजे सुमारें सव्वादोनशें किलोमीटरांवरील रेयुनियाँचा. परंतु हीं दोन बेटें इतकीं जवळ आहेत कीं, मोठें वादळ आलें तर दोहोंसही एकदमच गांठूं शकतें. मग मादागास्करचा विचार करावा लागतो, व तें अंतर सुमारें हजार किलोमीटरांचें. रॉड्रिग्जची स्थिति याहून कठीण. तेथून सर्वांत जवळचा दुसरा तळ म्हणजे पुन्हां मॉरिशसच! त्या बेटाची धांवपट्टीही आंखूड असल्यामुळें तेथें पंख्यांचीं लहान विमानें चालतात व त्यांस सुमारें दीड तास लागतो. म्हणून अशा मार्गांवरील वैमानिक निघण्यापूर्वींच परतीचा हिशेब मांडतो. दूरदृष्टि म्हणजे काय, हें शिकविण्यास याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

हिशेब चोख असूनही संकट येतेंच. २८ नोव्हेंबर १९८७ रोजीं तैपेईहून मॉरिशसमार्गें जोहान्सबर्ग येथें जाणारें दक्षिण आफ्रिकेचें 'हेल्डरबर्ग' नांवाचें विमान, सामानाच्या भागांत आग लागून, मॉरिशसच्या ईशान्येस समुद्रांत कोसळलें. त्यांतील १५९ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. वैमानिकांचें बोलणें टिपणारें यंत्र सुमारें ४,९०० मीटर खोल पाण्यांतून १९८९ सालीं वर काढण्यांत आलें. तरीही आग कशामुळें लागली हें निश्चित ठरलें नाहीं. मनुष्याच्या ज्ञानास सीमा आहे. म्हणूनच शोध सोडून देऊं नये व सावधगिरीही सोडूं नये.

दुसरें संकट वर्षानुवर्षांचें, तें चक्रीवादळांचें. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. १५ जानेवारी २०२४ रोजीं बेलाल नांवाच्या वादळानें पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाण्याचे लोंढे आणले, मोटारी वाहून गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. अशा वेळीं बेट खरोखर बेट होतें. कोणी येऊं शकत नाहीं, कोणी जाऊं शकत नाहीं.

तिसरें संकट वाऱ्याचें नव्हतें, आजाराचें होतें. २०१९ सालीं मॉरिशसला सुमारें १३ लाख ८३ हजार पर्यटक आले होते. पुढच्या वर्षीं कोविडची सांथ पसरली व मार्चमध्यें सीमा बंद झाल्या. त्या सबंध वर्षांत पर्यटकांची संख्या सुमारें ३ लाख ९ हजारांवर आली. हे पाहुणे बहुतेक सर्व विमानानेंच येतात. तेव्हां विमानें थांबतांच खाणावळवाला, टॅक्सीवाला, कोळी, फुलें व लिची परदेशीं धाडणारा शेतकरी, या सर्वांच्या घरीं त्याची झळ पोंचली. एअर मॉरिशस आधींच तोट्यांत होती. २२ एप्रिल २०२० रोजीं तिचा कारभार प्रशासकांच्या हातीं सोंपवावा लागला, कित्येक कामगारांची नोकरी गेली, कांहीं विमानें विकावीं लागलीं. २०२१ च्या ऑक्टोबरांत सीमा पूर्ववत् खुल्या झाल्या व त्याच महिन्यांत सरकारी साहाय्यानें कंपनीही प्रशासकांच्या ताब्यांतून बाहेर आली.

येथें कोणी विचारील कीं, तोट्यांतील कंपनी लोकांच्या पैशांनीं कां जगवावी? प्रश्न रास्त आहे, व त्या देशांतही तो विचारला गेला. परकीं विमानें येतच असतां स्वतःचीं कशाला? याचें उत्तर रॉड्रिग्जकडे पाहिल्यास मिळतें. परकी कंपनी नफा असेल तोंवर येते. नफा संपला कीं तिचें विमान अन्य मार्गास लागतें, व त्यांत तिचा दोषही नाहीं. परंतु लहान बेटावरील रोग्यास मोठ्या रुग्णालयांत पोंचविणें किंवा विद्यार्थ्यास परीक्षेच्या आधीं नेऊन सोडणें, हें काम नफ्याच्या तराजूंत पुरतें मावत नाहीं. तथापि उलट बाजूही तितकीच खरी. लोकांचा पैसा आहे म्हणून उधळपट्टी व गैरव्यवस्था क्षम्य होत नाहीं. गरीब करदात्याच्या पैशांचा हिशेब अधिकच कांटेकोर ठेवावा लागतो. जोडणी टिकविणें व जबाबदारीनें टिकविणें, हीं दोन्हीं कर्तव्यें एकमेकांस धरून आहेत.

शेवटीं आगालेगाविषयीं. तेथें सुमारें तीनशें माणसें राहतात. पूर्वीं तेथें लहान विमानापुरतीच आंखूड पट्टी होती व जहाजही क्वचितच येई. भारताच्या साहाय्यानें बांधलेली सुमारें तीन किलोमीटर लांबीची नवी धांवपट्टी व धक्का यांचें उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजीं दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनीं केलें. इतकी लांब पट्टी केवळ तीनशें माणसांसाठीं आहे काय, तिच्या मागें महासागरावर पहारा ठेवण्याचा हेतु नाहीं काय, अशीही चर्चा झाली. राष्ट्रांच्या कृतींत अनेक हेतु मिसळलेले असतात, हें विद्यार्थ्यांनीं जाणावें. प्लेझान्सची पट्टीही युद्धासाठींच बांधली होती. तिचा उपयोग पुढें कसा झाला हें आपण वर पाहिलेंच आहे.

एखाद्या राष्ट्राची थोरवी त्याच्या राजधानींतील विमानतळाच्या भव्यतेवरून मोजण्याचा मोह होतो. परंतु शुभवर्तमानांत सांगितलेला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरें सोडून हरवलेल्या एकाच्या शोधास निघाला, हें आपणांस ठाऊक आहे. सर्वांत दूरच्या बेटावरील सर्वांत थोड्या माणसांपर्यंत विमान किती नियमानें पोंचतें, यावरून जर आपण राष्ट्रें मोजूं लागलों, तर तोच मापदंड आपल्या तालुक्यास, गांवास व वर्गांतील शेवटच्या बांकावर बसणाऱ्या मुलासही लावावा लागेल. आणि तो लावून पाहणें आपल्या हिताचेंच ठरेल.