दातांची कीड आणि जीवाणूचे शर्करा-जनुक

दात दुखू लागला की दाताला कीड लागली असे म्हटले जाते. ही कीड म्हणजे दात पोखरणारी एखादी अळी असावी, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन अळी पाडण्याचा उपाय याच समजुतीतून निघाला. वस्तुतः अशी अळी नसते. दात पोखरण्याचे काम डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करतात. त्यांपैकी ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा एक प्रमुख जीवाणू होय. जे. किलियन क्लार्क यांनी तो १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून प्रथम वेगळा केला.

हा जीवाणू दात न किडलेल्या माणसांच्या मुखातही आढळतो. मग तो रोगकारक कशामुळे होतो? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग साखरेवर प्रक्रिया करणाऱ्या त्याच्या जनुकांत सापडतो.

जनुकाचे कार्य

जनुक म्हणजे विशिष्ट प्रथिन कसे घडवावे याची पेशीत साठवलेली सूचना. या जीवाणूजवळ ‘जीटीएफ’ नावाची तीन जनुके आहेत : बी, सी आणि डी. त्यांच्या सूचनेनुसार तयार होणारी विकरे पेशीबाहेर येऊन साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग करतात. पैकी ग्लुकोजचे कण एकमेकांस जोडून ग्लुकान नावाचा पदार्थ बनतो. बी आणि सी या जनुकांमुळे बनणारे ग्लुकान बव्हंशी पाण्यात न विरघळणारे व डिंकासारखे चिकट असते. त्यामुळे जीवाणू दातावर घट्ट बसतात आणि त्यांचा जाड थर जमतो.

उरलेली साखर जीवाणू पेशीत घेतो व तिचे लॅक्टिक आम्ल बनवतो. आम्ल मोकळे असते तर लाळेने ते लवकर निवळले असते. परंतु चिकट थराखाली ते दाताला लागूनच साचून राहते. शेतकऱ्यांना जमिनीचा सामू परिचित आहे. दातावरील सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कठीण आवरणातील, म्हणजे दंतवल्कातील, खनिजे विरघळू लागतात. हे वारंवार घडले की खड्डा पडतो.

प्रयोगांची साक्ष

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ही जनुके निकामी केलेले जीवाणू उंदरांच्या मुखात सोडण्यात आले. तेव्हा दातांच्या गुळगुळीत पृष्ठभागावरील कीड लक्षणीय प्रमाणात घटली. खाचांमधील कीड मात्र तेवढी घटली नाही. खाचांत अन्न आपोआपच अडकते, तेथे डिंकाची गरज कमी भासते. जनुकाचे सामर्थ्य कोठे चालते आणि कोठे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

त्यापूर्वी स्वीडनमधील व्हिपेहोल्म रुग्णालयात झालेल्या व १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून असे आढळले होते की, साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती चिकटून राहिली, हे अधिक महत्त्वाचे असते. मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीवाचून केलेला हा प्रयोग आज अनैतिक मानला जातो. त्याचा निष्कर्ष मात्र टिकून आहे.

व्यवहारातील बोध

जीवाणूचे जनुक बदलणे सामान्य माणसाच्या हाती नाही. पण त्या जनुकाला लागणारा कच्चा माल रोखणे त्याच्या हाती आहे. गुळाने दात किडत नाहीत हा समज चुकीचा आहे, कारण गुळातही प्रामुख्याने सुक्रोजच असते. गोड पदार्थ जेवणाबरोबर खावेत. दिवसभर गोळ्या, चिक्की वा गोड चहा यांचा मारा दातांवर करू नये. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावर आम्ल वाढते व ते निवळण्यास अर्धा तास वा अधिक वेळ लागतो. तान्ह्या मुलास साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन निजवणे विशेष घातक, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

चुळा भरल्याने अन्नकण निघून जातात, पण चिकट थर निघत नाही. त्यासाठी दिवसातून दोनदा, त्यातही रात्री निजण्यापूर्वी, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे आवश्यक आहे. शिक्षकांनी वर्गात हा कार्यकारणभाव समजावून सांगितला, तर दात घासण्याचा नियम मुलांना केवळ शिस्तीचा वाटणार नाही. पडलेल्या दुधाच्या दाताच्या जागी दुसरा येतो. कायमचा दात गेला की त्याजागी नवा येत नाही.