डासांवर सिट्रोनेला तेल : वापरा, पण जपून



गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या घालतात. पाटाच्या कडेला, उसाच्या फडाजवळ राहायचे म्हणजे संध्याकाळ झाली की डासांचा त्रास ठरलेला. अलीकडे बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून सिट्रोनेला तेलाच्या बाटल्या मिळतात. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. म्हणून हा पाठ.

हे तेल कशाचे?

सिट्रोनेला हे गवत आपल्या परसातल्या गवती चहाचे भावंड. दिसायला सारखे, पण दोन्ही एक नव्हेत. चहात घालायचे ते गवत वेगळे. सिट्रोनेलाचे पाते कापून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल निघते आणि थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते. वाफेचे काम आपल्या कारखान्याच्या माणसांना काय सांगावे! लखनौच्या सीमॅप या संस्थेने या पिकावर बरेच काम केले आहे.

काम कसे करते?

या तेलाच्या उग्र वासाने डासाला माणसाचा माग नीट लागत नाही. डास काही मरत नाही, नुसता लांब राहतो. तेल लवकर उडून जाते, तसा गुणही उडतो. 2002 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत सिट्रोनेलाची तयार औषधे 20 मिनिटेही धड टिकली नाहीत, सुमारे 24 टक्के ‘डीट’ असलेले औषध पाच तास टिकले. तेव्हा घटकाभर ओट्यावर बसायला हे तेल ठीक. रात्रभराच्या झोपेला त्याच्यावर विसंबू नये.

वापरायचे नियम

1. निव्वळ तेल अंगाला कधीही लावू नये; कातडीची आग होते, पुरळ उठते. 100 मिलिलिटर खोबरेल किंवा करडईच्या तेलात 1 ते 2 मिलिलिटर, म्हणजे साधारण 20 ते 40 थेंब, एवढेच पुरे. जास्त घातले म्हणजे जास्त गुण येतो असे नाही. अति तेथे माती.

2. पाण्यात मिसळून अंगाला लावू नये. तेल पाण्यात विरघळत नाही; वर तरंगते आणि निव्वळ थेंबच कातडीला लागतो.

3. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहावे. खाज, लाली आली तर नाद सोडावा.

4. डोळे, ओठ, जखमा यांपासून लांब ठेवावे. ऊस तोडताना पात्याने हात चिरलेले असतात. तिथे लावू नये. मुलांच्या तळहाताला लावू नये, कारण हात तोंडात जातो. दोन वर्षांखालील मुलाला हे तेल नकोच, त्याला मच्छरदाणी. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून वापरावे.

5. तेल पेट घेते. कोपी पाचटाची, आत चूल नाहीतर चिमणी. बाटली त्यांच्याजवळ ठेवू नये, चुलीत तेल टाकू नये.

6. काचेच्या गडद बाटलीत, बूच घट्ट लावून, नाव लिहून, पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. सरबताच्या बाटलीत भरू नये. जुने, वास बदललेले तेल कातडीला जास्त झोंबते. ते वापरू नये.

पोटात गेले तर?

उलटी करवू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. डोळ्यात गेले तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे.

खरा उपाय

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हिवतापाचा रात्री. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आपल्याकडे पिण्याचे पाणी बॅरल, हौद, रांजणात साठवावेच लागते. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावी आणि एरवी झाकून ठेवावी. कोपीत मच्छरदाणी बांधावी. ताप आला तर अंगावर काढू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

आमचे सांगणे एवढेच : तेल हा जोडीचा उपाय, मुख्य नव्हे. आपल्या शेतात उतरलेल्या टोळीला हे वाचून दाखवावे. ज्यांच्या हातून ऊस गव्हाणीपर्यंत येतो, त्यांची लेकरे तापाने फणफणू नयेत, हे पाहणे आपल्या सर्वांचे काम आहे.