अभेदाचा विचार आणि महाद्वाराची पायरी



आषाढीच्या वाटेवर वाखरीच्या मुक्कामी कॉलेजात शिकणारा एक मुलगा आमच्या राहुटीत येऊन बसला. पाया पडून झाल्यावर म्हणाला, "महाराज, क्रांती होते ती उपाशी पोटामुळं आणि कायद्यामुळं. तत्त्वज्ञानानं कधी काही बदललंय का? आपण सातशे वर्षं अभेद सांगतोय, झालं काय?" पोराचा प्रश्न खरा होता. निजानीज झाली तरी तो आमच्या मनातून जाईना. म्हणून या महिन्याचा पाठ त्याच प्रश्नावर.

शास्त्राच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष पाहू. इतिहासाचार्य राजवाडे यांचा आक्षेप असा, की वारकरी संतांनी लोकांना सोशीक केले, पराक्रमाकडे वळविले नाही. न्यायमूर्ती रानडे यांचे म्हणणे अगदी उलट. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. संतांनी जातीजातींतला दुरावा कमी केला, देशभाषेला मान दिला आणि त्यातून स्वराज्याची जमीन नांगरली गेली, असे त्यांनी त्यात मांडले. युरोपातील धर्मसुधारणेशी त्यांनी या कार्याची तुलना केली.

दोघेही थोर. मग निकाल कोणाच्या बाजूने द्यावा? आमच्या अल्पमतीला असे वाटते, की विचाराला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी तो बुद्धीला पटतो. मग अंगात मुरून आचारात येतो. शेवटी रूढीत, कायद्यात, संस्थेत स्थिर होतो. पहिल्या पायरीवर बसून राहिलेला विचार माणसाला सोशीक करतो. तिसरीपर्यंत गेलेला विचार राज्य बदलतो. राजवाड्यांनी बसलेला विचार पाहिला, रानड्यांनी चालता पाहिला.

आता हा विचार पहिल्याच पायरीवर का बसतो, ते पाहू. पाठशाळेत आम्ही शांकरभाष्य शिकलो. तेथे पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा दोन सत्ता सांगितल्या आहेत. ब्रह्म एकच, हे पारमार्थिक सत्य. जगात दिसणारा भेद व्यावहारिक. हा विवेक ज्ञानासाठी सांगितला, पण त्यातूनच एक पळवाट निघाली. कोणी विचारावे, "आत्मा एक, तर मग विटाळ कोणाचा कोणाला?" आणि शास्त्र्याने सांगावे, "एकत्व परमार्थात, विटाळ व्यवहारात." ज्या ब्रह्मसूत्रभाष्यात ब्रह्मैक्य सिद्ध केले, त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायात, अपशूद्राधिकरणात, शूद्राला वेदाचा अधिकार नाकारलेला आहे. दोन्ही प्रकरणे आम्ही एकाच सुरात पाठ केली. तेव्हा काही टोचले नाही, हेही येथे कबूल करतो.

ज्ञानोबारायांनी ही पळवाट बुजवली. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशात पूर्ण झाली. पुढे अमृतानुभवात माउलींनी अज्ञानवादाचे खंडन केले आणि जग हा चैतन्याचाच विलास आहे, असा सिद्धान्त मांडला. हा केवळ पंडितांचा वाद समजू नये. जग जर देवाचाच विलास, तर 'हा व्यवहार' म्हणून बाजूला सारण्याजोगे काही उरतच नाही. शेजारच्याला पाणी कसे देता, पंगतीत कोठे बसवता, हाच परमार्थ ठरतो. क्रांतीचे बी पडले ते या ठिकाणी.

बी पडले, पण उगवायला किती काळ गेला! परंपरेप्रमाणे चोखोबाराय शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्यास कुसू बांधताना ते कोसळून गेले. नामदेवरायांनी अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी दिली. चोखोबांचे अभंग आत गाइले जात, आणि चोखोबांचे जातभाई बाहेर समाधीपाशीच थांबत. दार तेथून काही पावलांवर. ती पावले चालायला सहाशे नऊ वर्षे लागली.

मग संतांचा शब्द दुसऱ्या पायरीवर कोणी नेला? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, त्याच्या शिरोभागी तुकोबारायांची वचने छापली. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले, त्यावर ज्ञानेश्वरीतील ओव्या घातल्या. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि २ मार्च १९३० पासून नाशकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. शब्द आमच्या घरचा; तो हाती घेऊन तळ्यावर गेले ते.

पंढरीस हे काम साने गुरुजींनी केले. त्यांनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागे केले, आणि १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. गांधीजींनाही प्रथम हे उपोषण पटले नव्हते. विरोधात कोण होते? वेदान्त न शिकलेले अडाणी लोक नव्हेत. अभेदावर तासन्‌तास निरूपण करू शकणारे शास्त्री आणि आपल्याच संप्रदायातले काही कीर्तनकारही त्यांत होते. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. दहा-अकरा दिवसांनी दार मोकळे झाले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच रद्द ठरवली. ही तिसरी पायरी.

त्या मुलाला आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगितली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष ते बाबासाहेबच. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलताना त्यांनी सांगितले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत. ती आपले गुरु भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. आपल्या तत्त्वज्ञानाचे मूळ राज्यशास्त्रात नसून धर्मात आहे, असे त्यांचे म्हणणे. कायद्याच्या मागे विचार असतो, याला याहून मोठी साक्ष कोणाची काढावी? आणि लागलीच आपल्या उशिराचा हिशेबही ध्यानात घ्यावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोक त्यांच्याबरोबर बुद्धाला शरण गेले. त्यांनी आपली वाट धरली, ती त्यांना लखलाभ होवो. आमच्या दाराशी ते किती शतके उभे होते, हे मात्र आम्ही विसरू नये.

आता घरचीच गोष्ट. आमची पंचविशी असेल. एका गावी सप्ताहात आम्ही चोखोबारायांचे चरित्र लावले होते. लोक रडले, आमचाही कंठ दाटला. काल्यानंतर पंगती बसल्या, तर वस्तीतली मंडळी निराळी, गोठ्याच्या भिंतीकडेला. आम्ही पाहिले आणि पानावर बसलो. हात धुताना एक म्हातारेबुवा जवळ आले नि हळूच म्हणाले, "महाराज, चोखोबा लई ग्वाड सांगितला. पर त्येची पंगत कुठं मांडलीय, बघितली का?" आम्हांस उत्तर सुचले नाही. यजमान दुखावतील, पुढच्या वर्षीची सेवा जाईल, ही भीती होती. दोन तास अभेद सांगणारे आम्ही, आमचा अभेद पत्रावळीपाशी संपला.

त्यानंतर आम्ही एक नेम केला. कीर्तन ठरवतानाच विचारायचे, "पंगत एक आहे ना?" एक नसेल तर नारळ घ्यायचा नाही. या नेमापायी काही गावे सुटली. काही गावांनी मात्र पंगत एक केली, आणि तेथे आजही आम्हांस आदराने बोलावतात.

तात्पर्य, तत्त्वज्ञानाने जग बदलते का, असे कोणी विचारले तर 'बदलते' असेच उत्तर द्यावे. पण ते कोणाच्या तरी अंगावर येऊन बदलते. कोणाला उपास पडतात, कोणाची सेवा जाते, कोणाला आप्त बोल लावतात. ते सोसायला कोणी पुढे आले नाही, तर विचार पोथीत सुखरूप राहतो आणि दार बंद राहते.

पंढरीस जाल तेव्हा नामदेव पायरीपाशी माथा टेकाल, चोखोबांच्या समाधीचेही दर्शन घ्याल. तेथून दाराकडे वळताना आपल्या गावातले कोणते दार अजून कोणासाठी लोटलेले आहे, तेवढे मनाशी आठवावे. पाणवठा असेल, स्मशान असेल, दिंडीतली पंगत असेल. परत आल्यावर त्या दारापासून आरंभ करावा.

रामकृष्ण हरी.