अगं, गोळीवर एवढा राग कशाला?

मने, "गर्द सोडवायची आणि वर सरकारनंच रोज गोळी द्यायची, ही कसली व्यसनमुक्ती?" असं फोनवर तावातावानं विचारलंस ना, तेव्हाच ओळखलं, हे तुझ्या केंद्रातल्या दादांचं बोलणं. स्वतः गर्द सोडून कौन्सिलर झालेले दादा. त्यांना नावं ठेवू नकोस हं. टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावरचा त्रास, अंगावर काढून, 'फक्त आजचा दिवस' म्हणत म्हणत ते इथवर आलेत. पूर्ण बंद केलं म्हणून वाचले, त्यांना गोळी पळवाटच वाटणार. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथल्यासारख्या पूर्ण बंदच्या वाटेनं कितीतरी संसार सावरले, ते काही खोटं नाही.

पण एक सांगते. केंद्रात राहून आलेल्याच्या शरीराची गर्दची सवय मोडलेली असते. बाहेर पडून त्यानं जुन्याच मापानं सुई टोचली, तर श्वासच बंद पडू शकतो. डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे फार घातकी. हे पेशंटला आणि त्याच्या आईला स्पष्ट सांगत जा, अपशकुन वाटला तरी.

आणि एकदा सकाळी ओएसटी सेंटरवर, म्हणजे गर्दऐवजी ही गोळी देतात तिथं, जाऊन बस. नर्स ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चुरून जिभेखाली ठेवते, विरघळेपर्यंत समोर बसवते, मग तोंड उघडायला लावून बघते. ही गोळी मेंदूत गर्दचीच जागा अडवते, पण अर्धाच जोर लावते. म्हणून टर्की लागत नाही आणि माणूस कामावर जातो. सुई सुटली की एचआयव्हीची भीतीही कमी. नाकोनं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, हे सुरू केलं ते त्यासाठीच. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २००५ सालीच हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं. (दारूवाल्यांना मात्र ही गोळी नाही, तिथं गल्लत नको.)

मीटिंगमध्ये दादांशी वाद घालू नकोस. त्यांना सेंटरवर सोबत घेऊन जा. पेशंटशी बोलण्यात तू त्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीस. फक्त "गोळी सोड, मग खरा सुटलास" असं कुणाला म्हणू देऊ नकोस. कधी कमी करायची ते डॉक्टर आणि पेशंट ठरवतील. आणि कुणी पुन्हा गर्द घेतली म्हणून त्याचं नाव काढायचा विषय निघाला, तर एवढंच विचार, "काढल्यावर तो जाणार कुठं?"