स्कोअर नंतर विचारा

आमच्या रेंजवर मुलांची नावं घालायला येणारे आईबाबा ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. काहींना बंदुकीची भीती वाटते आणि काहींना मेडलची घाई झालेली असते. पहिले दबक्या आवाजात विचारतात, "मॅडम, हातात बंदूक आली की पोर आडदांड तर नाही ना होणार?" दुसरे थेट मुद्द्यावर येतात, "दहावीचे सवलतीचे गुण कुठल्या लेव्हलपासून मिळतात?" नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षणही त्यांना पाठ असतं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, मी दोन्हींची उत्तरं देते. पण या खेळात मजा कसली, हे सहसा कोणी विचारत नाही. मूल दुसऱ्या दिवशी सकाळी कुरकुर न करता उठून येतं ते मात्र त्या मजेपायीच. म्हणून आज आधी तिच्याबद्दल बोलू या.

दहा मीटर एअर रायफलचं कार्ड तुम्ही हातात घेऊन पाहिलंय का? त्यावरचं सगळ्यात बाहेरचं वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटरचं, म्हणजे अख्खं लक्ष्य तळहातावर मावेल एवढं. त्यात मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो, तो अर्ध्या मिलिमीटरचा. शिसपेन्सिलीचं टोक कागदावर नुसतं टेकवा, तेवढा. छरा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्यापेक्षा नऊ पट रुंद. आणि दहा मीटरवरून तो ठिपका दिसतच नाही! दिसतं फक्त काळं वर्तुळ. मागच्या पीप साईटच्या बारीक भोकातून पाहायचं, पुढच्या कडीत ते काळं वर्तुळ सगळीकडून सारखं बसवायचं आणि चाप ओढायचा. आता इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर दहाचेही दहा भाग करतात. 10.9 हवे असतील तर छऱ्याचा मध्य केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. हे ऐकून मोठी माणसं "कसं शक्य आहे?" म्हणतात. मुलं म्हणतात, "मी करून बघू?"

पहिल्या दिवशी सगळीच मुलं बंदूक दंडाच्या जोरावर धरतात. चार-पाच किलोचं ओझं ते, काही क्षणांत हात थरथरायला लागतो. मग आम्ही शिकवतो की ताकद लावायचीच नाही. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकव, कंबर थोडी पुढे काढ, पाठ किंचित मागे रेल. वजन स्नायूंवरून काढून हाडांवर टाक. हे जमलं की सांगायचं, डोळे मीट, एक श्वास घे, सोड, आता उघड. डोळे उघडल्यावर कडी वर्तुळावरून डावीकडे सरकलेली दिसली, तर हाताने ओढून आणायची नाही, पाऊल हलवायचं. हाताने ओढलेली बंदूक चाप सुटताना पुन्हा मूळ जागी जाते. अंगाने धांगडधिंगा घालणारी पोरं इथे तासभर पायाचा अंगठा इंच-अर्धा इंच सरकवत उभी राहतात. घरी जेवताना दोन मिनिटं स्वस्थ न बसणारा आपलाच मुलगा हा, यावर मागे बाकावर बसलेल्या आईचा विश्वास बसत नाही.

पण खरी गंमत त्याच्या पुढची आहे. छरा सुटल्यावर मूल लगेच स्क्रीनकडे पाहत नाही. पाहू नये, अशी आमची ताकीदच असते. बंदूक तशीच धरून ठेवायची, चाप सुटला त्या क्षणी कडी कुठे होती ते आठवायचं आणि सांगायचं: "उजवीकडे, खाली, साडेनऊच्या आसपास." याला आम्ही कॉल म्हणतो. मग स्क्रीन पाहायची. उजवीकडे, खाली, 9.6! त्या क्षणी मुलाच्या तोंडावर जो आनंद असतो तो दहा लागल्यावरही नसतो. आपल्या अंगात काय चाललंय हे आपल्याला कळलं, कोणी सांगायच्या आधी कळलं, याचा तो आनंद असतो. नेमका इथेच मागून आवाज येतो, "अरेरे, दहा गेला!" तो आवाज, मंडळी, तुमचा असतो. मुलाने कॉल बरोबर दिला, हे त्या एका ‘अरेरे’खाली चिरडलं जातं.

काही पालक मोबाईलवर प्रत्येक सिरीजची बेरीज मांडत बसतात. दहा-दहा छऱ्यांच्या सहा सिरीज, साठ छरे, जास्तीत जास्त 654 गुण. हिशेब चोख असतो त्यांचा, मुलाचा नसतो. सिरीज चालू असताना बेरीज करणारा नेमबाज पुढचा छरा हमखास बिघडवतो. गेलेला छरा परत येत नाही आणि यायचा छरा अजून बंदुकीत भरलेला नसतो. मधे जो काही वेळ असतो, तेवढाच त्याच्या हातातला. तो त्याला राहू द्या.

आता खर्च. परदेशी मॅच रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. वर जाडजूड जॅकेट, पँट, बूट. वाढत्या अंगाच्या मुलाला आज शिवलेलं जॅकेट फार दिवस पुरत नाही, ते पैसे वेगळेच. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष काहीही विकत घेऊ नका. क्लबची बंदूक असते, जॅकेटही मिळतं. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साईट नावाचा प्रकार आहे, तो आपल्याकडच्या साध्या, नळी मोडून छरा भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनवर खेळतात. जत्रेत फुगे फोडायला असते त्याच घराण्यातली ती. ‘ही तर खेळण्यातली’ म्हणून तिला नाक मुरडू नका. चाप ओढल्यावर आत स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि मग छरा निघतो. त्या एवढ्याशा अवधीत बंदुकीला धक्का बसतो. तुम्ही किंचित ढिलाई केलीत, चाप ओढून लगेच मान वर केलीत, की छरा चुगली करतो. महागडी हवेच्या दाबावरची रायफल अशा खोडी बऱ्याच झाकते. म्हणून स्प्रिंगच्या बंदुकीवर घडलेलं पोर पुढे पक्कं निघतं.

एअर रायफल मुरली की काही मुलांना ‘पॉइंट टू-टू’ खुणावू लागते. तुमच्यापैकी जे एनसीसीत होते त्यांना ती ठाऊक आहे, पालथं झोपून पाच गोळ्या मारल्याची आठवण कोण विसरतं? हीच ती रिमफायर. म्हणजे काडतुसाच्या बुडाला जी कडा असते तिच्यात ठिणगीचा मसाला भरलेला असतो आणि घोडा त्या कडेवर आपटतो. गोळी 5.6 मिलिमीटरची, अंतर पन्नास मीटर, दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर. आकडा ऐकून हायसं वाटतं ना? पण इथे मधे वारा येतो. रेंजवर बारीक झेंड्या लावलेल्या असतात. झेंडी डावीकडून उजवीकडे फडफडली की गोळीही तिकडे ढकलली जाते. मग साईटचे दोन क्लिक फिरवायचे, की वारा पडायची वाट पाहायची? हे ठरवणं हा अर्धा खेळ. आणि पालथं झोपून दंडाला पट्टा आवळला की कडी एका तालात हलताना दिसते. मुलं घाबरून विचारतात, बंदूक बिघडली का? नाही, ते तुझं हृदय आहे. आपल्या काळजाचे ठोके साईटमधून दिसणं, असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

पॉइंट टू-टूला परवाना लागतो, ती मुलांच्या हाती क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या नजरेखालीच येते, आणि गोळ्यांचा खर्चही मोठा. तेव्हा तिची घाई नको.

या पन्नास मीटरच्या खेळातली एक गोष्ट मी पालकांना मुद्दाम सांगते. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकची. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स अंतिम फेरीत शेवटच्या गोळीपर्यंत आरामात पुढे होता. साधा सात-आठाचा नेमही त्याला सुवर्णपदकाला पुरला असता. त्याने नेम अचूक धरला, गोळीही बरोबर लागली, फक्त शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर! शून्य गुण, आठवा क्रमांक. त्याची समजूत घालायला चेक नेमबाज कातेरिना कुर्कोवा आली आणि पुढे 2007मध्ये त्यांचं लग्न झालं. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा शेवटच्या गोळीने दगा दिला, 4.4 गुण, आणि तो चौथ्या जागी घसरला. तरी गडी खेळत राहिला, 2012ला लंडनमध्ये त्याच प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवलं. ज्याला बंदूक खांद्याला लावण्यातच सुख वाटत नाही, तो अथेन्सनंतर परत रेंजवर पाऊल ठेवेल का?

आपल्याकडचं बघा. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, वडील शिक्षक, स्वतः तेव्हा रेल्वेत टीसी. 2012पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळणारा हा मुलगा पहिल्यांदा ऑलिंपिकला पोचला तो 2024मध्ये, पॅरिसला. थ्री पोझिशन, म्हणजे तीन स्थितींत मारायच्या प्रकाराच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारलेल्या गोळ्यांनंतर तो सहावा होता, पालथ्या स्थितीनंतर पाचवा, आणि उभ्याने मारून तिसरा आला. 1952मध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं, त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा हा दुसरा मराठी खेळाडू. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010ला म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनची, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकाराची, विश्वविजेती झाली. ऑलिंपिकची रेंज मात्र तिने पाहिली थेट टोकियोत, चाळिशीत. इतकी वर्षं काय केवळ मेडलच्या आशेवर निघतात?

आणि बंदुकीला भिणाऱ्यांसाठी एक ऐकवते. या खेळाची राष्ट्रीय संघटना 1951मध्ये ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ते लोकसभेचे पहिले सभापती, आपले गणेश वासुदेव मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. आडदांडपणा शिकवायला काही त्यांनी हे काम अंगावर घेतलं नव्हतं.

तरीही भीती अगदी सोडून देऊ नका, थोडी हवीच. साडेचार मिलिमीटर नळीच्या, वीस ज्यूलपर्यंतच्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं होत नाही. छऱ्याने डोळा जाऊ शकतो. रेंजवर नळी कायम लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, आणि खेळ थांबला की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग. नळी इकडे तिकडे वळवणाऱ्याला आम्ही रागावत नाही, त्या दिवसापुरता सरळ बाकावर बसवतो, मग तो राज्य विजेता का असेना. घरी बंदूक आली तर हीच शिस्त तुमची. बंदूक एका कपाटात कुलूपबंद, छरे दुसऱ्या. गच्चीवरून कबुतरांवर ‘जरा बघू’ म्हणून नेम धरणारा मामा किंवा काका प्रत्येक घरात एखादा असतोच. त्याला आधी आवरा. बहुतेक सगळ्या पक्ष्यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि कायदा नसता तरी पोरासमोर हे करायचं नसतं.

"एकाग्रता वाढेल ना? अभ्यासात फरक पडेल?" हा आणखी एक ठरलेला प्रश्न. मी तसं वचन देत नाही. रेंजवर पुतळ्यासारखी उभी राहणारी मुलं गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघताना मी पाहिली आहेत. काहींचा अभ्यास सुधारतो, काहींचा नाही. जे मुलाला आवडतं त्यात त्याचं मन लागतं, यापलीकडचं मला काही सांगता येणार नाही. एक मात्र नेहमी होतं. लांबचं दिसत नसूनही जी मुलं कधी बोलली नव्हती, त्यांचा चष्मा इथे पकडला जातो.

तेव्हा येत्या रविवारी या. मागच्या बाकावर बसा, मोबाईल पिशवीत ठेवा. शक्य असेल तर स्वतः एकदा बंदूक हातात घ्या. बरेच बाबा ‘त्यात काय’ म्हणत उभे राहतात आणि पहिला छरा काळ्याच्या बाहेर गेला की एकदम गप्प होतात. त्यानंतर मुलाला सूचना देणं आपोआप कमी होतं. परतताना गाडीवर स्कोअर विचारू नका, कुठला कॉल बरोबर आला ते विचारा. आणि हो, डबा उघडायच्या आधी मुलाला साबणाने हात स्वच्छ धुवायला लावा. छरे शिशाचे असतात.