दोन बॉक्स, एकच डीलर

मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनोच्या जहाजावर मी काही वर्षं ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते वाटायचे. सावंतवाडी-कुडाळकडची पुष्कळ मुलंमुली पणजीत या कामाला असतात. पैसे कसे लावावेत हे डीलरने खेळणाऱ्याला सांगायचं नसतं. तेव्हा जे बोलता आलं नाही, ते आता लिहिते.

हरायला लागलेला माणूस हमखास म्हणायचा, "मॅडम, शेजारचा बॉक्सही माझाच. एक गेला तर दुसरा सांभाळून घेईल." आणि दुसऱ्या बॉक्सवर, म्हणजे पैसे लावायच्या शेजारच्या चौकटीतही, पहिल्याएवढ्याच चिपा ठेवायचा. अशाच एका फेरीत त्याच्याकडे १९ आणि २० होते, माझा उघडा पत्ता छक्की. टेबलावर सगळे खूश. मी खालचा पत्ता उलटला, दश्शी. सोळा झाले. पुढचा पत्ता पंजी. एकवीस! दोन्ही बॉक्समधल्या चिपा मी लागोपाठ ओढून घेतल्या.

याला नशीब म्हणून सोडून देऊ नका. दोन बॉक्सचे पत्ते वेगळे असले तरी डीलरचे पत्ते दोघांना एकच असतात. डीलर बस्ट झाला, म्हणजे एकवीसच्या पुढे गेला, की बहुतेक वेळा दोन्ही जिंकतात, त्याचे पत्ते जमले की दोन्ही जातात. एका बॉक्सवर १००० रुपये लावले, तर एका फेरीतल्या चढउताराचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ११४० रुपये येतं. डबल, स्प्लिट आणि ब्लॅकजॅकच्या (पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस) जादा पैशांमुळे ते हजाराच्या वर जातं. दोन्हीकडे हजार-हजार लावले की हेच माप १९०० च्या आसपास पोचतं. दोन बॉक्सचा एकमेकांशी काही संबंध नसता, तर ते १६१२ वर थांबलं असतं. मधला फरक डीलरच्या त्या सामाईक पत्त्यांचा.

आता खिशात १५,००० रुपये आहेत आणि तासाभरात ६० फेऱ्या होतात असं धरा. एका बॉक्सवर हजार लावून खेळणाऱ्याचा खिसा तेवढ्यात रिकामा होण्याची शक्यता ढोबळमानाने दहात एक. दोन बॉक्सवर हजार-हजार लावणाऱ्याची जवळजवळ तीनात एक. माणूस तोच, पैसे तेवढेच!

म्हणून फेरीला एकूण किती लावायचे ते आधी ठरवा आणि दुसरा बॉक्स घ्यायचाच असेल तर त्याच रकमेतून घ्या. हजाराचे पाचशे-पाचशे केले तर चढउतार ९५० च्या आसपास येतो, म्हणजे थोडा कमी होतो. सहाशे-सहाशे लावले तर तो एका बॉक्सवरच्या हजाराइतकाच राहतो. मात्र फेरीला १२०० रुपये लागतात आणि कॅसिनोचा वाटा त्या १२०० वर निघतो. चांगल्या नियमांच्या टेबलावर बेसिक स्ट्रॅटेजी काटेकोर पाळली, तरी हा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतोच. पैसे कितीही बॉक्समध्ये विभागले तरी ही टक्केवारी हलत नाही. ब्लॅकजॅकला ३:२ ऐवजी ६:५ देणाऱ्या टेबलावर ती आणखी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते. तिथे बसूच नका.

दोन बॉक्सवर प्रत्येकी एका बॉक्सच्या रकमेच्या पाऊणपट लावावं, असं काही जण पुस्तकातून वाचून येतात. नियम खरा आहे, नेमका आकडा सुमारे ७३ टक्के. पण तो पत्ते मोजून कॅसिनोवर बाजू मिळवणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या मुळाशी बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ साली मांडलेलं सूत्र आहे. बाजू आपली असेल तर किती लावावं, ते हे सूत्र सांगतं. बाजू कॅसिनोची असेल तर त्याचं उत्तर शून्य येतं. पाऊणपट तोंडपाठ असलेल्या माणसांना हे शून्य माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटायचं.

नवराबायको शेजारी बसून वेगवेगळे बॉक्स घेतात तेव्हाही हेच गणित लागू होतं. दोघांचे पैसे एकाच घरातून आलेले असतील तर ते दोन खेळाडू नव्हेत, दोन बॉक्स घेतलेला एकच खेळाडू.

टेबलावर बसण्याआधी किमान रकमेची पाटीही नीट वाचा. काही कॅसिनोंत दोन बॉक्स घेतले की प्रत्येकावर किमान रकमेच्या दुप्पट लावावी लागते. किमान हजार असेल तर दुसरा बॉक्स घेताक्षणी फेरी चार हजारांची होते. अशा टेबलावर दुसऱ्या बॉक्सला हातच लावू नका.