न्यायाधीन बंदी : कायद्याची तरतूद आणि गावाचे कर्तव्य

गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष समजला जावा, हे आपल्या फौजदारी न्यायपद्धतीचे मूलतत्त्व आहे. आपल्या कारागृहांची स्थिती मात्र या तत्त्वाशी विसंगत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. ज्यांना आपण बोलीभाषेत 'कच्चे कैदी' म्हणतो, ते हेच. त्यांचा खटला संपलेला नसतो. काहींचा सुरूही झालेला नसतो.

यांतील काहींवर अतिशय गंभीर गुन्ह्यांचे आरोप असतात आणि त्यांना अटकेत ठेवण्यास सबळ कारण असते. परंतु किरकोळ आरोपांखाली अडकलेले, जामिनास पात्र असूनही बाहेर येऊ न शकणारे बंदीही त्यांत आहेत. न्यायालयाने जामीन मंजूर केला तरी जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही, रोख रक्कम नाही, म्हणून ते आतच राहतात. त्यांच्या मागे शेत पडीक राहते, मुलांची शाळा सुटते, रोजंदारीवर चालणारे घर कर्जात बुडते. पुढे आरोपी निर्दोष सुटला तरी ही हानी भरून येत नाही.

दोन महत्त्वाचे निर्णय

या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले गेले ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मोतीराम हा एक गरीब गवंडी. त्याचे अपील प्रलंबित असताना सर्वोच्च न्यायालयाने त्यास जामीन दिला. दंडाधिकाऱ्यांनी मात्र १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची हमी नाकारली. कारण भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट अन्याय्य ठरवून १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका करण्याचा आदेश दिला.

त्यानंतर १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील बंद्यांची हकीकत उजेडात आली. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी कमाल शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ काही जण खटल्याची वाट पाहत कारागृहात होते. वृत्तपत्रांतील वृत्तान्तांच्या आधारे वकील कपिला हिंगोरानी यांनी दाद मागितली होती. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने शीघ्र सुनावणी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील मूलभूत अधिकाराचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

आजची कायदेशीर तरतूद

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. न्यायाधीन बंद्यांच्या दृष्टीने तिच्यातील पुढील तरतुदी प्रत्येक ग्रामपंचायत सदस्यास व शिक्षकास ठाऊक असाव्यात.

एक, अटकेची माहिती. कलम ४८ नुसार अटक झालेल्या व्यक्तीने सांगितलेल्या नातेवाइकास अथवा मित्रास अटकेची व अटकेच्या ठिकाणाची माहिती तात्काळ देणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

दोन, जामीनपात्र गुन्हा. अशा गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अटकेपासून एका आठवड्यात तो जामीनदार देऊ शकला नाही, तर तो निर्धन आहे असे मानण्यास ते पुरेसे कारण ठरते आणि कलम ४७८ नुसार त्यास जामीनदाराविना, केवळ बंधपत्रावर सोडावे लागते.

तीन, दोषारोपपत्राची मुदत. मृत्युदंड, आजन्म कारावास किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पूर्ण न झाल्यास आरोपी जामिनास हक्कदार होतो. मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. मुदत संपताच व दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. वकील नसलेला बंदी हीच संधी गमावतो.

चार, कोठडीची कमाल मर्यादा. कलम ४७९ नुसार गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या बंद्यास जामीन मिळाला पाहिजे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीस एक तृतीयांश काळानंतरच बंधपत्रावर सोडावयाचे आहे. उदाहरणार्थ, साध्या चोरीस कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे. तेव्हा पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यास एक वर्षानंतर, इतरांस दीड वर्षानंतर ही तरतूद लागू होते. असा काळ पूर्ण होताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांतील बंद्यांनाही याचा लाभ मिळेल, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

या तरतुदीस मर्यादाही आहेत. मृत्युदंड किंवा आजन्म कारावासास पात्र गुन्ह्यांना ती लागू नाही. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यासही तिचा लाभ मिळत नाही. न्यायालय सरकारी वकिलांचे म्हणणे ऐकून, कारणे नमूद करून, कोठडी वाढवूही शकते.

आदेशानंतरचा अडसर

जामिनाचा आदेश आणि प्रत्यक्ष सुटका यांत अंतर पडू नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी काही निर्देश दिले. आदेशाची प्रत ई-मेलने कारागृहाकडे जावी. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. एक महिन्यात बंधपत्र सादर न झाल्यास न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असे त्यांचे स्वरूप आहे.

त्याच वर्षी केंद्र शासनाने गरीब बंद्यांसाठी साहाय्य योजना सुरू केली. २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जामिनाच्या रकमेसाठी न्यायाधीन बंद्यास ४०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देता येत होते. निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. काही विशेष कायद्यांखालील आरोपी या योजनेतून वगळले आहेत.

गावपातळीवर काय करता येईल ?

न्यायालयापुढे आरोपीचे स्थैर्य सिद्ध होते ते कागदपत्रांनी. रहिवास दाखला, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, सात-बारा उतारा, ऐपतीचा दाखला हे कागद गावात व तहसील कार्यालयात तयार होतात. घरातील कर्ता माणूस आत असताना वृद्ध आई किंवा पत्नी ते मागावयास येते, तेव्हा तिला वारंवार फेऱ्या घालाव्या लागल्या तर प्रत्येक फेरीबरोबर कोठडीचा काळ वाढतो. ग्रामसेवक, तलाठी व तहसील कर्मचारी यांनी असे अर्ज तातडीचे समजून निकालात काढावेत. आरोपाबद्दल आपले मत काहीही असो, दाखला हा त्या कुटुंबाचा अधिकार आहे.

दुसरे काम माहितीचे. संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ अनुसार मोफत विधी साहाय्य देणे ही राज्याची जबाबदारी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोठडीतील व्यक्ती, महिला, बालके, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा प्राधिकरण यांचे पत्ते व १५१०० हा साहाय्य क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास फारसा खर्च येत नाही. शिक्षकांनी अर्ज लिहून देण्याइतके साहाय्य केले तरी ते मोलाचे ठरेल.

तिसरे काम जामीनदारासंबंधी आहे. जामीनदार आरोपीच्या चारित्र्याची ग्वाही देत नसतो. आरोपी तारखेस हजर राहील एवढीच हमी तो देतो. आरोपी गैरहजर राहिल्यास मात्र बंधपत्रातील रकमेची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून नीट समजून, परिचिताकरिताच जामीन राहावे. पैसे घेऊन अनोळखी माणसास जामीन राहणाऱ्या दलालांना थारा देऊ नये.

सुरक्षितता आणि स्वातंत्र्य

जामिनावर सुटलेला आरोपी साक्षीदारांस धमकावील, फिर्यादीस त्रास देईल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. न्यायालय त्यासाठी अटी घालू शकते आणि अटींचा भंग झाल्यास जामीन रद्द करू शकते. असा भंग दिसून आल्यास पोलीस पाटलांनी ठाण्यास त्वरित कळवावे. पीडितास संरक्षण देण्याचा मार्ग हा आहे. जामीनदार न मिळालेल्या गरिबास अनिश्चित काळ डांबून ठेवल्याने पीडितास संरक्षण मिळत नाही. कारण ज्याच्यापाशी पैसा आहे, असा धोकादायक आरोपी तर जामीन भरून केव्हाच बाहेर आलेला असतो.

कायद्याने दारे उघडून दिली आहेत. पण ती कोठे आहेत हे कोठडीतील निरक्षर माणसास आणि त्याच्या कुटुंबास सांगावयास कोणीतरी हवे. आपल्या गावातील कोण कारागृहात आहे, त्यास वकील मिळाला आहे काय, जामिनाचा आदेश झाला असल्यास सुटका कशामुळे अडली आहे, एवढी चौकशी प्रत्येक ग्रामपंचायतीने केली, तरी अनेक घरांची विस्कटलेली घडी पुन्हा बसू शकेल.